आपल्या गल्लीत इंटरनेटनं काय बदललं, हे शोधायचं कसं

‘इंटरनेटनं समाज बदलला’ हे वाक्य कुठल्याही देशाबद्दल म्हणता येतं, आणि म्हणूनच त्यातून हाती काही लागत नाही. केनियात २००७ साली एम-पेसा आलं आणि नैरोबीत राबणारा माणूस साध्या फोनवरून गावाकडे पैसे पाठवू लागला. त्याला इंटरनेटचीही गरज पडली नाही. क्युबात फोनवरचं इंटरनेट २०१८ च्या डिसेंबरपर्यंत सर्वांसाठी नव्हतंच, तरी हार्ड डिस्कवर भरलेल्या मालिका, मासिकं आणि ॲप दर आठवड्याला हातोहात घरोघरी पोचत होती. दक्षिण कोरियात वेगवान ब्रॉडबँडच्या जोडीनं ‘पीसी बांग’ नावाची गेम खेळायची दुकानं गल्लोगल्ली उघडली. पुढे २०११ मध्ये तिथल्या सरकारनं सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले. तो नियम २०२२ च्या सुरुवातीला गेला. तंत्र थोड्याफार फरकानं सारखंच होतं. त्याचं पुढे काय झालं ते ठरवलं पैसा कुणाकडून कुणाकडे जातो, घरात जागा किती आहे आणि सरकारला कशाची भीती वाटते, या गोष्टींनी.

मुंबईत हे फरक बघायला देश बदलायला नको. वरळीत कोळीवाडा, बीडीडी चाळ आणि काचेचा टॉवर हे सगळं पायी फिरण्याच्या अंतरात आहे. तिन्हीकडे तोच फोन, तेच ॲप, आणि वापरायची रीत वेगळी. ही रीत नीट नोंदवायची कशी, ते इथं सांगितलं आहे. समाजशास्त्राचे विद्यार्थी, एनएसएसचा गट, महिला मंडळ, वाचनालय, कुणीही हे काम करू शकतं. चार माणसं, चाळीस घरं आणि सहा आठवडे एवढं पुरतं. अहवाल लिहायला आणखी दोन आठवडे धरा.

आधी प्रश्न ठरवा

‘तुमच्या आयुष्यावर इंटरनेटचा काय परिणाम झाला?’ असं विचारलंत तर चाळीसही घरांतून एकच उत्तर येईल: फायदे आहेत, तोटेही आहेत, मुलं बिघडतात. हे उत्तर लोक वर्तमानपत्रातून आणि शाळेतल्या निबंधातून शिकलेत. त्यांच्या घरात काय घडतं ते त्यात नसतं.

म्हणून एकच काम निवडा आणि त्याचाच माग काढा. पैसे पाठवणं, कॉलेजचा प्रवेश, सरकारी फॉर्म, लग्नाचं स्थळ, मासळीचा भाव, आजारपणात डॉक्टर शोधणं, यातलं कुठलंही चालेल. आमची शिफारस सरकारी कामाची, कारण ते टाळता येत नाही आणि त्याची तारीख लोकांना आठवते. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविनवर नाव नोंदवल्याशिवाय लस मिळत नव्हती. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. अशा प्रत्येक वेळी शासन एका रात्रीत फोन-संगणकाच्या पडद्यामागे गेलं, आणि घराला तो पडदा चालवणारा हात शोधावा लागला. तो हात कुणाचा होता, हाच आपला प्रश्न. शब्दांत मांडायचा तर असा: ‘गेल्या वर्षभरात तुमच्या घरचं शेवटचं ऑनलाइन सरकारी काम कोणतं, आणि ते कुणाच्या हातानं झालं?’

प्रश्न ठरल्यावर तो कागदावर लिहा आणि सहा आठवडे बदलू नका. तिसऱ्या रविवारी कुणाला तरी ‘गेमिंगचंही विचारूया’ असं सुचतंच. मग आधीच्या सोळा घरांना ते विचारलेलं नसतं आणि दोन्ही अर्धवट राहतात.

दारं मोजा, मग निवडा

एक गल्ली, एक चाळ किंवा एक इमारत घ्या. ‘दादर’ किंवा ‘धारावी’ घेऊ नका. चाळीस घरांतून धारावीबद्दल काहीही सांगता येत नाही. बीडीडीची एक चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, एकूण ऐंशी खोल्या. तिथं एकाआड एक दार घेतलं की बरोबर चाळीस होतात. झोपडपट्टीतल्या गल्लीत आधी एका सकाळी नुसतं फिरून दारं मोजा. पोटमाळ्यावर वेगळं भाड्यानं दिलेलं बिऱ्हाड असेल तर ते वेगळं दार धरायचं. शिडी बाहेरून असेल तर ते बहुधा वेगळंच असतं. एकशे वीस दारं निघाली तर दर तिसरं घ्या. सुरुवात पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या दारापासून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा.

इथं सगळ्यात जास्त चूक होते ती बंद दाराची. कुलूप दिसलं की शेजारच्या उघड्या दारात शिरावंसं वाटतं. तसं करू नका. कुलूप असलेलं घर म्हणजे दोघंही कामावर जाणारं घर. तिथले लोक फोनवर सगळ्यात जास्त अवलंबून असतात. अशी घरं गळली की तुमच्या नोंदीत फक्त घरी असणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं उरतात, आणि ‘इथं इंटरनेट फारसं कुणी वापरत नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. तीन वेगवेगळ्या वेळी परत जा. त्यानंतरही भेट झाली नाही तर ‘भेट नाही’ अशी नोंद करा. अशी दारं किती, हेही अहवालात द्यायचं आहे.

वेळेचा हिशेब असा: चार माणसांच्या दोन जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक बाई हवीच, नाहीतर स्वयंपाकघरापर्यंत बोलणं पोचत नाही. एका घराला चाळीस मिनिटं लागतात. एक जोडी रविवारी चार घरं नीट करते, पाचवं उरकते. दोन जोड्यांची आठ घरं, पाच रविवार, चाळीस घरं. पहिला आठवडा नकाशा आणि मोजमापाला. सकाळी पाणी येण्याच्या वेळेला कुणाच्या दारात उभं राहू नका. अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात बरं. मे महिन्यात अर्धी चाळ कोकणात गेलेली असते. गणपतीत कुणाला वेळ नसतो. दहावी-बारावीच्या परीक्षांत घराघरांत फोन लपवलेले असतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधली उत्तरं वर्षाची म्हणून धरता येत नाहीत. जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्टची सुरुवात उत्तम, कारण पावसात नेट कुठं तुटतं तेही दिसतं.

वायर कुठून येते

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळायला लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. आज देशाबाहेरचा बराचसा डेटा समुद्राखालच्या केबलनं येतो आणि त्यातल्या अनेक केबल मुंबईत, विशेषतः वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, जमिनीला लागतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं. पण आपल्या गल्लीचा प्रश्न बहुतेक वेळा वर्सोव्यात नसतो. तो शेवटच्या शंभर मीटरमध्ये असतो. तेवढाच नकाशा काढा.

गल्लीच्या तोंडापासून वर बघत चला. केबलवाल्याची काळी फायबर कुठल्या खांबावरून, कुठल्या गच्चीवरून आली आहे ते कागदावर रेघ मारून दाखवा. जुन्या इमारतीत फायबर खालच्या पेटीपर्यंतच येते आणि तिथून घराघरांत निळी किंवा करडी लॅनची वायर जाते. त्या पेटीत नेट घराघरांत वाटून देणारं ‘स्विच’ नावाचं यंत्र असतं आणि त्याला वीज लागते. ती वीज कुणाच्या मीटरवरून घेतली आहे ते विचारा. बऱ्याचदा तळमजल्यावरच्या दुकानातून किंवा जिन्याच्या दिव्याच्या लाइनवरून घेतलेली असते. दुकान रात्री मेन स्विच बंद करून गेलं की घरात वीज असूनही वरच्या मजल्यांचं नेट जातं, आणि लोक कंपनीला दोष देत बसतात. फायबर थेट घरात आली असेल, भिंतीवर छोटं पांढरं ओएनटी (फायबर जिथं संपते ती पेटी) दिसत असेल, तर ही अडचण नसते. तिथं घरातल्या ओएनटीला आणि राउटरला वीज असली की पुरे.

मग वेग मोजा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं मायस्पीड ॲप चालेल. आपल्या सिमवर मोजा, घरच्यांच्या नाही, कारण चाचणी डेटा खाते. वेग ५० एमबीपीएस असेल तर पंधरा सेकंदांच्या डाउनलोडलाच सुमारे ९४ एमबी जातात. दिवसात नऊ चाचण्या घेतल्या तर दीड जीबीच्या रोजच्या पॅकमधला अर्ध्याहून जास्त डेटा संपतो. सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री दहा, प्रत्येक वेळी लागोपाठ तीन चाचण्या, सात दिवस. तिन्हींची सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. एखादी चाचणी अचानक फसते आणि सरासरी बिघडवते. फोनचं बॅटरी सेव्हर बंद ठेवा. मोबाइल नेटवर्क मोजताना वायफाय बंद करा. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे आठवड्याची नोंद फुकट जाते.

मोजायची जागा महत्त्वाची. खोलीच्या मधोमध, गॅलरीत आणि पोटमाळ्यावर, तिन्हीकडे घ्या. पत्र्याचं छप्पर सिग्नल अडवतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली सिमची स्थिती बघितली तर सिग्नलचा जोर डीबीएम या एककात दिसतो. उणे ८० च्या आसपास चांगला, उणे ११० च्या खाली गेला की फोटो अपलोड अडकतो. वायफायच्या बाबतीत चाळीत २.४ गिगाहर्ट्झवर इतकी गर्दी असते की शेजारच्या भिंतीपलीकडचा राउटरही आड येतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण दोन भिंतींनंतर दमतं.

वेगाचा आकडा एकटा फसवा आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस डाउनलोड, आणि तो वेग आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो. पण फॉर्म भरणाऱ्याचं अडतं ते अपलोडवर. म्हणून आणखी एक चाचणी स्वतः करा: आधार कार्डाएवढ्या कुठल्याही कागदाचा दोन एमबीचा फोटो स्वतःलाच ईमेल करा आणि किती सेकंद लागले ते लिहा. रात्री दहाला हा आकडा कसा वाढतो ते बघितलं की लोक फॉर्म भरायला पहाटे का उठतात ते समजतं.

घरात बसल्यावर

पहिली पाच मिनिटं वही बंद ठेवा. कोण आहात, कुठून आलात, उत्तरांचं काय होणार, नाव लिहिलं जाणार नाही, मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल, हे सगळं सांगा. सही मागू नका. सही म्हटलं की खोली खाली करायचं काहीतरी आहे असं पुनर्विकासाच्या वस्तीत वाटतं. तोंडी संमती घ्या आणि तशी नोंद करा. अठरा वर्षांखालच्या मुलाशी बोलायचं असेल तर आईवडिलांना विचारा आणि ते समोर असतानाच बोला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यातही अठराच्या आतली व्यक्ती म्हणजे मूलच.

‘इंटरनेट वापरता का?’ हा प्रश्न चालत नाही. व्हॉट्सॲप दिवसभर वापरणाऱ्या मावशी ‘नाही हो, ते मुलगा करतो’ म्हणतात. इंडोनेशियातही संशोधकांना हेच आढळलं होतं: लोक फेसबुक वापरतो म्हणत आणि इंटरनेट वापरत नाही असंही म्हणत. म्हणून कामाचं नाव घ्या. ‘साधारण दिवसाला किती वेळ?’ हेही विचारू नका, कारण माणूस स्वतःला शोभेल ते सांगतो. काल विचारा. ‘मावशी, काल झोपायच्या आधी फोनवर शेवटचं काय बघितलंत?’ ‘दादा, काल कुणाला पैसे पाठवलेत का? दुकानात कोड स्कॅन केलात की रोख दिलेत?’ ‘ताई, शेवटचा रिचार्ज कुणी मारला? कितीचा? तो संपायच्या आधी दुसरा मारला की दोन दिवस फोन नुसता येण्यापुरता ठेवला?’ या शेवटच्या प्रश्नातून घराची ओढाताण जितकी कळते तितकी पगार विचारून कळत नाही.

फोन किती वेळ वापरला ते दाखवणाऱ्या ‘डिजिटल वेलबीइंग’ सेटिंगमधला वेळ बघायचा असेल तर फोन त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांनी पडदा दाखवला तर आकडा लिहा. फोन हातात घेऊ नका, फोटो काढू नका.

त्यानंतर घरातल्या फोनचा तक्ता भरा, कारण ‘आमच्याकडे चार फोन आहेत’ यातून काही कळत नाही. प्रत्येक फोनसाठी पाच गोष्टी: फोन कुणाचा मानला जातो, सिम कुणाच्या नावावर, रिचार्जचे पैसे कोण देतं, पासवर्ड कुणाकुणाला माहीत, आणि ओटीपी कुणाच्या नंबरावर येतो. पाचवा रकाना सगळ्यात बोलका आहे. बाईचं बँक खातं तिच्या नावावर असतं आणि ओटीपी मुलाच्या फोनवर येतो; मुलगा नाइट शिफ्टला गेला की खातं असून नसल्यासारखं. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला, तेव्हा विधवा आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायका अडकल्या. हे अडकणं कुठल्याही वेगाच्या चाचणीत दिसणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात सुमारे ३३ टक्के आणि पुरुष सुमारे ५७ टक्के निघाले. मुंबईत फोन बायकांकडे जास्त आहेत म्हणून आपण निर्धास्त होतो. तक्त्याचा पाचवा रकाना भरल्याशिवाय तसं होऊ नका.

करून देणारे

प्रत्येक वस्तीत दोन-चार माणसं असतात ज्यांच्याकडे बाकीचे फॉर्म, पैसे, पासवर्ड घेऊन जातात. नाक्यावरचा झेरॉक्सवाला, अंगणवाडीसेविका, कॉलेजातली पुतणी, शाखेत बसणारा तरुण, पूर्वी सायबर कॅफे चालवून आता मोबाइल रिपेअर करणारे काका. जगभरात इंटरनेट रुजलं ते बहुतांशी अशाच लोकांच्या हातून. केनियात एम-पेसा चाललं ते कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानदार एजंटांमुळे, जे रोख घेऊन फोनमध्ये पैसे टाकत आणि फोनमधले पैसे घेऊन रोख देत. क्युबातली आठवड्याची हार्ड डिस्क पोचवणारी माणसंही हेच काम करत होती. भारतात २०१६ मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं (एनपीसीआय) यूपीआय आणलं तेव्हा बँक खातं आणि बहुधा स्मार्टफोन लागत असे. साध्या फोनसाठीची यूपीआय १२३पे सोय २०२२ मध्ये आली. मधल्या काळात ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांचा यूपीआय म्हणजे शेजारचा पोरगा होता.

म्हणून चाळीस घरांत विचारा: हे काम कुणी करून दिलं, किती पैसे घेतले, आणि तुमचा पासवर्ड किंवा आधारची प्रत त्याच्याकडे राहिली का? मोठ्या कागदावर घरांचे ठिपके काढा आणि प्रत्येक घरापासून करून देणाऱ्याकडे बाण. संध्याकाळी दिवा लावून बसलात तर तासाभरात चित्र तयार होतं. ज्या ठिपक्याकडे सात-आठ बाण जातात ते या गल्लीचं खरं इंटरनेट केंद्र, भले तिथं राउटर नसो. तिथं एकदा स्वतंत्रपणे जाऊन बसा. दिवसाला किती माणसं येतात, कुठल्या कामाला किती घेतात, कुठं अडतं, सर्व्हर कधी बसतो, कुठला फोटो नाकारला जातो, हे ते नेमकं सांगतात. कागदाच्या कोऱ्या बाजूला त्यांच्या सांगण्याप्रमाणे पायऱ्या लिहा. अंगठ्याचे ठसे झिजल्यामुळे बायोमेट्रिक फसतं हे धुणीभांडी, मासळी किंवा बांधकामाची कामं करणाऱ्यांच्या बाबतीत वारंवार ऐकाल. ती कामं किती जणांची आहेत ते मोजा.

काही घरांचे बाण कुठंच जात नाहीत. एकटी म्हातारी, नुकतं आलेलं बिऱ्हाड, भाषा न येणारं कुटुंब. ही घरं बाजूला लिहून ठेवा. मुंबईत शेजार जुना असला की हात मिळतो. पुनर्विकासात चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्यांचा तो हात कधी कधी तेविसाव्या आणि चौथ्या मजल्यात विभागला जातो. तुमच्या भागात अशी इमारत असेल तर वीस घरं चाळीतली आणि वीस टॉवरमधली घेऊन हाच तक्ता भरा. मुंबईत या घडीला याहून मोलाचा अभ्यास आम्हाला दुसरा सुचत नाही.

ग्रुप आणि अफवा

इथं सावध राहा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. म्यानमारमध्ये २०१४ नंतर सिम एकदम स्वस्त झाली, फेसबुक हेच अनेकांचं इंटरनेट बनलं, आणि रोहिंग्यांविरुद्धच्या द्वेषाला त्यानं वाट दिली असं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळानं २०१८ मध्ये नोंदवलं. दोन्हीकडे फोन घरात येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि निरोप ओळखीच्या माणसाकडून आला म्हणून खरा मानला गेला.

तुमच्या गल्लीत संदेश गोळा करू नका. ग्रुपमध्ये शिरून वाचणं, स्क्रीनशॉट घेणं, नावं लिहिणं हे वर्ज्य. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ‘कलम ६६ अ’ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. पण तुमच्या वहीतल्या एका ओळीवरून उद्या कुणाला त्रास होऊ शकतो, ही शक्यता कायदा गेला म्हणून गेली नाही. फक्त एवढंच विचारा: तुम्ही किती ग्रुपमध्ये आहात, त्यातले नात्याचे किती, इमारतीचे किती, धंद्याचे किती? खोटी निघालेली एखादी बातमी आठवते का? ती खोटी आहे हे कुणी सांगितलं? हा ‘कुणी’ पुन्हा आपल्या बाणांच्या कागदावर ताडून बघा.

जगाशी तुलना कशी करावी

‘एस्टोनियात लोक घरबसल्या मतदान करतात, आपण कुठं?’ असली तुलना टाळा. एस्टोनियानं ऑनलाइन मतदान २००५ च्या स्थानिक निवडणुकीत केलं हे खरं. पण तो देश तेरा लाखांचा आहे, आणि त्याआधीच २००२ पासून तिथं नागरिकांना चिप असलेली ओळखपत्रं मिळत होती. आपल्या एका मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख होती. देशांची क्रमवारी लावून शिकायला काही मिळत नाही. आपला एकच प्रश्न दुसऱ्या समाजाला विचारा.

उदाहरणार्थ, घराची कुठली गोष्ट बाहेरच्यानं बघू नये, हा प्रश्न घ्या. जर्मनीत २०१० मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू येणार म्हटल्यावर सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी आपलं घर धूसर करायला लावलं. आपल्या चाळीत दार दिवसभर उघडं असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण मुलीच्या फोनला लॉक असलं की घरात बोलणी होतात. दोन्ही समाज खासगीपणा मानतात. रेषा वेगळीकडे ओढतात. किंवा जागेचा प्रश्न घ्या. क्युबात २०१५ मध्ये चौकाचौकांत सरकारी वायफाय आलं तेव्हा कुटुंबं बागेत बसून परदेशातल्या नातलगांशी बोलू लागली. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवरचं मोफत वायफाय सुरू झालं. तुमच्या गल्लीतली मुलं एकांतात बोलायला आज कुठं जातात, गच्चीवर, जिन्यात की लोकलमध्ये, हे विचारलंत तर क्युबाचं उदाहरण कामाला येतं. न विचारता नुसतं लिहिलंत तर ते शोभेचं राहतं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या नऊ मानववंशशास्त्रज्ञांनी नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने राहून समाजमाध्यमांचा असाच अभ्यास केला आहे. त्यात एक ठिकाण तमिळनाडूतलं होतं. राहण्याला पर्याय नाही हे त्यातून दिसतं. आपल्याला सहा आठवडेच मिळतात, पण आपण त्याच गल्लीत राहतो, ही आपली जमेची बाजू.

आकडे लिहिताना

चाळीस घरांतून टक्केवारी काढू नका. ‘३२.५ टक्के’ लिहिलं की वाचणाऱ्याला हजारोंची पाहणी वाटते. ‘४० पैकी १३ घरं’ असंच लिहा. एवढ्या नमुन्यात कुठलाही आकडा दोन्ही बाजूंना पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. म्हणून चाळीत १३ आणि टॉवरमध्ये ११ निघाले तर फरक आहे असं म्हणू नका. १३ आणि ३ निघाले तर म्हणा.

भरलेले कागद घरमालकाला, केबलवाल्याला, पक्षाच्या कार्यकर्त्याला दाखवायचे नाहीत, कितीही ओळखीचे असले तरी. दारांचे क्रमांक आणि उत्तरं वेगवेगळ्या वह्यांत ठेवा.

अहवाल छापण्याआधी गल्लीत वाचून दाखवा. सार्वजनिक नळाजवळ, गणपतीच्या मंडपाच्या जागी किंवा सोसायटीच्या ऑफिसात, पंचवीस मिनिटांत. लोक लगेच चुका काढतील: ‘तो स्विच आता हलवलाय’, ‘त्या काकांनी दुकान बंद केलं’. त्या दुरुस्त्या घ्या. स्विचची वीज, फॉर्मचे दर, ओटीपीचा नंबर बदलण्याची पद्धत अशा ज्या गोष्टी तिथल्या तिथं सुटतात त्या वेगळ्या पानावर लिहून सेक्रेटरींकडे द्या. आधारचा नंबर बदलायला बराच काळ आधार केंद्रात स्वतः जावं लागत असे; आता काय पद्धत आहे ते आधी तपासा, हेही त्या पानावर असू द्या.

त्यानंतर उत्तरांची वही ठेवा आणि दारांच्या क्रमांकांची वही कुलपात. वर्षानं त्याच चाळीस दारांवर त्याच शब्दांत परत विचारायचं आहे. मधल्या काळात भाडेकरू बदलले तरी दार तेच धरा, ‘नवं बिऱ्हाड’ अशी खूण करून. दुसरी फेरी झाली की दारांच्या क्रमांकांची वही फाडून टाका.